तुझा घसा बसला नव्हता

दानू,

तुला शिवडीच्या मातीत ठेवून आज पाच दिवस झाले. या पाच दिवसांत मी तुझ्याशी जितकं बोललो तितकं गेल्या चार वर्षांत बोललो नव्हतो. चहा पिताना बोलतो, खिडकीशी उभा राहून बोलतो. सूनबाई कालपासून माझ्याकडे जरा काळजीने बघते. तिला वाटतं, मामंजींनी दानीएलकाकांचं जाणं फार मनाला लावून घेतलं. तिला काय सांगू?

आपल्या मंडळीच्या पत्रकात कुणी गेलं की कोण म्हातारा चार ओळी लिहितो हे तुला ठाऊक आहे. पस्तीस वर्षं मीच लिहीत आलो. जन्म अमुक गावी, बाप्तिस्मा अमुक पाळकांच्या हातून, प्रेमळ स्वभाव, प्रभूच्या ठायी झोपी गेले. तुझ्या बाबतीत ते होणार नाही. तुझ्या बाबतीत मला एक खोटं आधी पुसायचं आहे आणि ते मी मंदिरात सर्वांसमोर बोललो होतो. म्हणून हे पत्र तुला असलं तरी छापायला देतोय. पाळकसाहेबांना विनंती आहे की यातली एकही ओळ गाळू नये.

चार वर्षांपूर्वीच्या उत्तम शुक्रवारी तुझा घसा बसला नव्हता.

ज्यांना आपली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन आपल्याकडे प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होते. आपण त्यांना सात शब्द म्हणतो. मंडळीतली सात माणसं एकेका शब्दावर बोलतात. तीन वाजेपर्यंत कुणी अन्न घेत नाही, जुनी माणसं पाणीही घेत नाहीत. कोणाला कोणता शब्द द्यायचा ती यादी चिटणीस करतो. चिटणीस मी. त्या वर्षी पाचवा शब्द, तहानेचा, 'मला तहान लागली आहे' हा, तू मागून घेतला होतास.

तू कधी काही मागत नसायचास. म्हणून मी चकित झालो होतो. व्यासपीठावर उभं राहणं तू टाळायचास. गायला सांगितलं तर मात्र तू अख्खं मंदिर उचलून धरायचास. पण बोलायचं म्हटलं की, "मास्तर, मी गिरणीतला साचेवाला माणूस. तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात गेलीत. मला ओरडता येतं, बोलता येत नाही." आणि तोच तू फेब्रुवारीत मला मंदिराच्या पायरीवर गाठून म्हणालास, "पाचवा मला दे."

"का रे? पाचवाच का?"

"दे तर खरा."

मी दिला. यादीत नाव लिहिलं. त्याआधीच्या महिन्यात मुंबईत काय झालं होतं ते तुला मी सांगायला नको. परळ-लालबागला तुम्ही राहत होता, आम्ही गिरगावात. गोळीबार दोन्हीकडे ऐकू आला. संयुक्त महाराष्ट्रावरून आपला वाद तेव्हापासूनचा. मी म्हणायचो, दानू, आपण ख्रिस्ती माणसं, आपण या भानगडीत पडू नये, आपली आशा वरच्या राज्यात आहे. तू म्हणायचास, "आहे ना. पण नळावर पाणी भरायला मी परळलाच उभा राहतो ना? का तेही वर जाऊन भरू?" तुझ्या चाळीतल्या कुणीतरी तुला डिवचलं होतं, तुम्ही साहेबाच्या धर्माचे, तुम्हाला कशाला हवाय महाराष्ट्र. तू त्याला म्हणालास, "अरे, माझा येशू मराठीत ऐकतो. इंग्रजी त्याला माझ्याएवढंच येत असणार, नाहीतर आत्तापर्यंत मला एखादी तरी हाक आली असती." तो माणूस हसत सुटला आणि त्याच रात्री तुमच्याकडे जेवला. ही गोष्ट तू मला दहा वेळा सांगितलीस. दहाही वेळा मी हसलो. आता अकराव्यांदा कोण सांगणार?

उत्तम शुक्रवारच्या आदला गुरुवार आला. संध्याकाळी तू ट्रामने ठाकूरद्वारला उतरून माझ्या खोलीवर आलास. हातात वहीचा एक कागद, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. म्हणालास, "काना-मात्रा बघून ठेव. उद्या सकाळी घेतो. बसत नाही, साडेसातची पाळी आहे घरात पाण्याची." आणि गेलास.

तू गेल्यावर मी चष्मा लावला. पहिल्या बाजूला तू लिहिलं होतंस: लालबागच्या नाक्यावर कसे लोक जमले, पोलिसांची गाडी कशी आली, गोळ्या कशा सुटल्या, रस्त्यावर किती जण पडले. कोणत्या गल्लीतून, कोणत्या बाजूने, सगळं. मी कागद खाली ठेवला. कारण मी सांगतो, आता लपवण्यासारखं काही नाही. माझ्या थोरल्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली होती, कायम व्हायची होती, आणि त्याच महिन्यात एक साध्या कपड्यातला माणूस वाडीत येऊन शेजारपाजारी विचारून गेला होता, की यांच्या घरातलं कुणी मोर्च्यात जातं का, यांच्या देवळात काय बोलतात. आपल्या मंडळीत सरकारी कचेऱ्यांतले चौघेपाचजण बसतात. तू उद्या हे व्यासपीठावरून वाचणार. यादी माझ्या सहीची.

मी कागद उलटला नाही, दानू. हे लिहिताना लेखणी अडते, पण लिहितो. मी दुसरी बाजू वाचली नाही. मला पुरेसं कळलं आहे असं मला वाटलं.

सकाळी तू कागद मागायला आलास तेव्हा मी आधीच मंदिरात जाऊन बसलो होतो. पाळकसाहेबांना सांगितलं, दानीएलचा घसा बसलाय, पाचवा शब्द मी घेतो. आणि बारा वाजता, काळं कापड घातलेल्या त्या व्यासपीठावरून, निवेदनांत मीच वाचलं: "बंधू दानीएल यांचा घसा बसल्यामुळे ते आज बोलू शकणार नाहीत."

तू खिडकीजवळच्या सहाव्या बाकावर बसला होतास. पांढरा सदरा, इस्त्रीचा. तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी नजर फिरवली.

मग पाचव्या शब्दावर मी वीस मिनिटं बोललो. आत्म्याची तहान, जिवंत झरे, कोरडी विहीर. लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे पुसले.

उपासना सुटली आणि दारात बायकांनी तुला घेरलं. मी पायरीवरून बघत होतो. आता हा बोलणार आणि मी उघडा पडणार. कुणी म्हणालं, "अहो दानीएलभाऊ, काय झालं हो घशाला?" तू एकदा माझ्याकडे बघितलंस. आणि तुझा तो बेंबीच्या देठापासून येणारा आवाज गिळून, घोगरं कुजबुजलास, "काही नाही बाई. जरासा बसलाय." एकीने पर्समधून ज्येष्ठमधाची कांडी काढून दिली. दुसरी म्हणाली, लवंग धरा दाढेत. रविवारपर्यंत तुमच्या घरी तीन घरांतून काढे आले, हे मार्थावहिनींनीच मला नंतर हसत सांगितलं. तू ते सगळे प्यालास. ईस्टरच्या पहाटे प्रभातफेरीत, जिथे पुढे तुझाच आवाज असायचा, तिथे तू मागे राहून नुसते ओठ हलवत चाललास. त्या वर्षी आमची फेरी ठाकूरद्वारापर्यंतसुद्धा धड ऐकू गेली नाही.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर आपण दोघेच होतो. तू तुझ्या खऱ्या आवाजात विचारलंस, "मास्तर, कागद पुरा वाचलास?"

मी म्हणालो, "पुरा."

तू म्हणालास, "मग तुला जे बरं वाटलं ते बरं." माझा हात दाबलास आणि ट्राममध्ये चढलास.

चार वर्षं मी ते दाबणं जपून ठेवलं. मला वाटलं, दानूने मला ओळखलं आणि क्षमा केली. भ्याडपणा ओळखला, पोरासाठी केलं हे ओळखलं, आणि माझी लाज झाकायला स्वतःचा आवाज बसवून घेतला. मी त्याबद्दल प्रभूचे आभार मानायचो. खरंच मानायचो, कौटुंबिक प्रार्थनेत, तुझं नाव न घेता.

पुढच्या वर्षी तू विचारलंस, "पाचवा?" मी म्हणालो, "यंदा तरुणांना देऊ." तू म्हणालास, "बरं." त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. मग तू विचारणं सोडलंस. आपलं येणंजाणंही कमी झालं. मी तुमच्याकडे आलो की तू दारातच तांब्या पुढे करायचास. "आधी पाणी पी, मग बोल." तहान नाही म्हटलं तरी ऐकायचा नाहीस. पोस्टमन आला तरी पाणी, केरवाली आली तरी पाणी. मी तुझी थट्टा करायचो, "दानू, तू परळला पाणपोई काढलीस की काय?" तू हसायचा नाहीस. हसण्यासारखं काहीतरी हातचं गेलं आहे एवढं मला जाणवायचं, आणि मी विषय बदलायचो.

यंदा यादी करायला बसलो तेव्हा वर्तमानपत्रात रोज येत होतं की राज्य होणार, मुंबईसकट होणार, दिवस ठरला. थोरला कधीच कायम झाला आहे. साध्या कपड्यातल्या माणसाला आता कुणी घाबरत नाही. आणि मग मी, एवढ्या उशिरा आलेल्या त्या शौर्याने, पाचव्या शब्दापुढे तुझं नाव लिहिलं. झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, तुला सांगितलं. तुझ्या हातात झावळी होती, तिची पाती तू बोटांनी सारखी करत होतास.

"मी?" तू म्हणालास. "तुला चालेल?"

त्या "तुला चालेल" चा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

"चालेल म्हणजे काय! तुझाच शब्द आहे तो."

"मग तो कागद असेल तर दे. पुन्हा लिहिणं मला जमायचं नाही, मास्तर. एकदाच जमलं."

"आहे कुठेतरी. शोधून देतो."

मंगळवारी संध्याकाळी प्रार्थनेला निघताना तू चाळीच्या गॅलरीत चपला घालायला वाकलास आणि उठला नाहीस. मार्थावहिनींना वाटलं चपलेचा अंगठा तुटला असेल. त्या म्हणाल्या, "राहू द्या, अनवाणी चला, देवाला काय." मग त्यांनी खांद्याला हात लावला.

बुधवारी तुला पोचवलं. गुरुवारी मी कागद शोधला. निवेदनवहीच्या पुठ्ठ्यात होता, चार वर्षं. पाळकसाहेबांनी पाचवा शब्द मलाच दिला होता, आणि मी ठरवलं की या वेळी तुझंच वाचायचं. चष्मा लावला. पहिली बाजू वाचली. आणि उलटला.

दुसऱ्या बाजूला तू जे लिहिलं आहेस ते इथे देतो. काना-मात्रा तुझ्याच ठेवतो.

"त्यातला एक मानूस आमच्या चाळीच्या जिन्यापाशी येऊन पडला. पोटात गोळी. मी घरातून तांब्या आनला. तो पानी पानी म्हनत व्हता. मी तांब्या त्याच्या तोंडाशी नेला तर मागून कुनी तरी बोल्ला, पोटात गोळी हाय, पानी देऊ नको, मरंल. मी हात मागं घेतला. तो माझ्याकडं बघत व्हता. मी तांब्या घेऊन उभा राह्यलो. तो किती येळ पानी म्हनत राह्यला ते मला सांगता येत नाही. मग बोलायचा थांबला. तांब्या भरलेलाच व्हता. बंधूभगिनींनो, प्रभूला तहान लागली तेव्हा शिपायानं आंबट का होईना काही दिलं. मी तेवढंबी दिलं नाही. मी बरोबर केलं का चुकलो हे मला कळत नाही. घरात सांगितलं नाही. कुनाला इचारायचं धाडस होत नाही. म्हनून आज मंडळीसमोर सांगतो. तुम्ही काय म्हनाल ते मी मान्य करीन."

खाली तुझी सही, पूर्ण नावाने, जशी पगाराच्या दिवशी करायचास.

दानू, तुझ्या कागदात मोर्च्याचं राजकारण नव्हतंच. तू पापाची कबुली लिहिली होतीस, आणि पहिली बाजू म्हणजे तिथवर पोचायची नुसती वाट होती. आणि मी म्हणालो, पुरा वाचला.

म्हणजे त्या थांब्यावर तुला काय वाटलं असेल? तुला वाटलं, मास्तरने सगळं वाचलं. तोलून पाहिलं. आणि ठरवलं की हे मंडळीसमोर सांगण्याच्या लायकीचं नाही. घसा बसल्याची थाप मी तुझी लाज झाकायला मारली असं तू समजलास. माझा हात तू आभार म्हणून दाबलास. क्षमा म्हणून मी जे चार वर्षं जपलं ते तुझे आभार होते. तुझ्या जिवाभावाच्या मित्राने तुला दोषी ठरवून वर झाकूनही घेतलं, असं मानून तू चार वर्षं दारात तांब्या घेऊन उभा राहिलास.

शुक्रवारी मी उभा राहिलो. कागद हातात होता. समोर मार्थावहिनी पहिल्या बाकावर, पांढऱ्या लुगड्यात. मी "पाचवा शब्द" एवढं म्हणालो आणि पुढे काही येईना. पहिली बाजू वाचली तर दुसरी वाचावी लागणार, दुसरी वाचली तर वहिनींना हे असं, तिसऱ्या दिवशी, सर्वांदेखत कळणार. आणि माझंही कळणार. यातलं कोणतं कारण मोठं होतं ते मला आजही सांगता येत नाही. मी उभा राहिलो. तोंड कोरडं पडलं होतं. थोड्या वेळाने पाळकसाहेबांनी माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं आणि गीत सुरू केलं.

नंतर लोक येऊन म्हणाले, मास्तर, तुमच्या न बोलण्यातच सगळं आलं. मित्र असावा तर असा. मी मान हलवली.

आणि मार्थावहिनी आल्या. तुला गमावून तीन दिवस झालेली बाई. पिशवीतून ज्येष्ठमधाची कांडी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "भावोजी, घसा बसला का हो तुमचा?"

मी म्हणालो, "हो."

हे दुसरं खोटं. तेही इथे पुसतो. मात्र वहिनींना हे छापील कागदावरून कळू नये, म्हणून शनिवारी परळला गेलो. तुझा कागद त्यांच्या हातात दिला आणि दोन्ही बाजू वाचा म्हटलं. त्यांनी सावकाश वाचलं. मग तुझा तांब्या जिथे असतो तिकडे बघून म्हणाल्या, "मी आपली चिडायची हो त्यांच्यावर. सारखं पाणी, सारखं पाणी. सगळी कळशी लोकांत वाटून टाकायचे." मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठलो तेव्हा त्यांनी पाणी पुढे केलं. मी प्यालो. नाही म्हणायचा मला काय अधिकार होता?

राहता राहिलं एक, आणि ते लिहायलाच मी बसलो आहे.

काल ईस्टरची उपासना सुटल्यावर मी रूबेन डॉक्टरांना थांबवलं. तुझं नाव घेतलं नाही. नुसतं विचारलं, पोटात गोळी लागलेला माणूस पाणी मागत असेल तर द्यावं का? ते म्हणाले, "मुळीच नाही. त्या जानेवारीत इस्पितळात आम्ही नातेवाइकांच्या हातातली भांडी काढून घेत होतो. ओला बोळा ओठांना लावायचा, बस. ज्याने पाणी दिलं नाही त्याने बरोबर केलं." मग म्हणाले, "आणि तशा जखमेतून त्या आठवड्यात फार थोडे वाचले, मास्तर. दिलं काय, न दिलं काय. का विचारता?"

मी म्हणालो, सहज.

रूबेन डॉक्टर गेली बारा वर्षं तिसऱ्या बाकावर बसतात. त्या उत्तम शुक्रवारीही बसले होते. सात शब्द संपेपर्यंत ते कधी उठत नाहीत. तू बोलला असतास तर तुझं शेवटचं वाक्य संपायच्या आत त्यांनी तुला सांगितलं असतं. ते गप्प बसणारे नाहीत, तुला माहीत आहे. उपासनेतच उठून बोलले असते.

आज सोमवार. मंदिराची किल्ली माझ्याकडे असते. सकाळी उघडून आत गेलो. काळं कापड काढलेलं आहे, फुलं अजून ताजी आहेत. तिसऱ्या बाकापासून खिडकीजवळच्या तुझ्या सहाव्या बाकापर्यंत चालून पाहिलं. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची पाच पावलं होतात.

तिथे बसलो आणि मोठ्याने म्हणालो, दानू, तू बरोबर केलंस. मंदिर रिकामं होतं. आवाज चांगला स्पष्ट आला.